कल्याणजी वीरजी अँड पार्टी : एका दुकानदाराच्या घरातील वाद्यवृंद

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने धरला, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न पडला. तीर्थक्षेत्रे, आचार्यांची चरित्रे आणि संस्थेची वाटचाल यांवर अधिकारी व्यक्ती लिहितीलच. माझे आयुष्य नगरच्या कापड बाजारात गज, मीटर आणि ताके मोजण्यात गेले. तेव्हा आमच्या बाजारातील वडीलधाऱ्या मंडळींनी आयुष्यभर जपलेली, पण कोणत्याही वहीत न नोंदलेली एक आठवण कागदावर उतरवावी, असे मी ठरविले. ही आठवण मुंबईच्या गिरगावातील एका वाद्यवृंदाची आहे. त्याचे नाव ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’.

आजच्या तरुण पिढीला ‘कल्याणजी-आनंदजी’ ही संगीतकार जोडी चित्रपटांच्या श्रेयनामावलीतून ठाऊक असते. परंतु चित्रपटात नाव झळकण्यापूर्वी हे बंधू मंचावर वाद्यवृंद घेऊन उभे राहत होते, आणि ते एका कच्छी जैन दुकानदाराचे पुत्र होते, ही गोष्ट आपल्याच समाजातील फार थोड्यांना माहीत आहे. व्यापाऱ्याच्या घरातून एक संगीतपरंपरा कशी उभी राहिली, तिने समाजाला काय दिले आणि तिच्यातील कोणता भाग आज आपल्या हातून निसटतो आहे, याचा थोडक्यात आढावा येथे घेण्याचा मानस आहे.

दुकान आणि सूर

कच्छमधील कुंदरोडी या गावातून वीरजी शहा हे गृहस्थ उदरनिर्वाहासाठी मुंबईत आले आणि त्यांनी किराणा मालाचे दुकान थाटले. कच्छ हा कमी पावसाचा प्रदेश. तेथील असंख्य कुटुंबांनी मुंबईची वाट धरली आणि धान्य, किराणा, कापड अशा व्यवसायांत जम बसविला. त्यांपैकीच हे एक कुटुंब. त्यांचे पुत्र कल्याणजी यांचा जन्म १९२८ चा, तर आनंदजी यांचा १९३३ चा. बंधूंचे बालपण गिरगावात गेले. त्या काळचे गिरगाव म्हणजे मराठी आणि गुजराती वस्तीचा संगम. एका चाळीत नाट्यगीतांची तालीम, तर दुसरीकडे भजनी मंडळ, आणि भाद्रपदात गणेशोत्सवाचे मेळे व जलसे. मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ १८९३ साली याच गिरगावातील केशवजी नाईक चाळीत झाला, हे सर्वश्रुत आहे. अशा परिसरात वाढलेल्या मुलांच्या कानावर सूर आपोआपच पडत राहिले.

बंधूंच्या संगीतशिक्षणाविषयी एक कथा नेहमी सांगितली जाते. वीरजीभाईंच्या दुकानात एका गिऱ्हाइकाची उधारी थकली होती. रोख देण्याची ऐपत नसल्याने त्याने उधारीच्या बदल्यात मुलांना संगीत शिकविण्याची तयारी दाखविली आणि दुकानदाराने ती मान्य केली. त्या शिक्षकाला स्वतःलाच फारसे संगीत येत नव्हते, असेही या कथेत गमतीने जोडले जाते. तपशिलात थोडाफार फरक असेल, पण व्यापाऱ्याला या कथेचे मर्म लगेच कळते. बुडीत खात्यात टाकावी अशी रक्कम वीरजीभाईंनी मुलांच्या नावे जमा करून घेतली. गिऱ्हाइकाचा मान राहिला, संबंध तुटला नाही, आणि घरात पेटीचे सूर आले. वसुलीचा तगादा लावून चार रुपये हाती आले असते. या तडजोडीतून काय हाती आले, ते पुढे साऱ्या देशाने ऐकले.

आपल्या समाजात मुलाने शिकावे, पेढीवर बसावे आणि बाजारात पत राखावी, अशी वडीलधाऱ्यांची अपेक्षा असे. गाणे-बजावणे हा छंद म्हणून चाले, धंदा म्हणून नव्हे. मंदिरात पूजेच्या वेळी कोणी पेटी वाजविली तर कौतुक होई, पण तोच मुलगा ‘मी वादक होणार’ म्हणाला तर घरात सन्नाटा पसरे. ही परिस्थिती लक्षात घेतली म्हणजे वीरजीभाईंच्या घरात जे घडले त्याचे महत्त्व कळते.

तो काळ आणि त्या काळची भूक

वाद्यवृंदाला लोकांनी डोक्यावर का घेतले, हे समजण्यासाठी त्या काळाकडे पाहिले पाहिजे. आज खिशातील मोबाइलवर हवे ते गाणे हव्या त्या क्षणी वाजते. १९५० च्या दशकात घरी रेडिओ असणे हीच श्रीमंतीची खूण होती. तो बाळगायला परवाना लागे व त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागे. ग्रामोफोन तर त्याहूनही मोजक्या घरांत असे. त्यातच १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताचा प्रसार व्हावा, हा त्यांचा हेतू होता. श्रोत्यांनी मात्र रेडिओची सुई सिलोनकडे वळविली आणि अमीन सायानी यांच्या ‘बिनाका गीतमाले’ला अमाप लोकप्रियता लाभली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली.

मधल्या पाच वर्षांत चित्रपटातील आवडते गाणे पुन्हा ऐकायचे तर मार्ग मोजकेच होते : चित्रपट पुन्हा पाहावा, सिलोन लागते का पाहावे, इराण्याच्या हॉटेलात चहा घेत तबकडी ऐकावी, किंवा वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला जावे. शेवटच्या मार्गात वाजविणारी माणसे समोर दिसत, ‘वन्स मोअर’ मागता येई आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी मान डोलावून ओळख होई.

आमच्या कापड बाजारातील व्यापारी खरेदीसाठी मुंबईस जात. मूळजी जेठा मार्केट आणि मंगळदास मार्केट ही त्यांची ठिकाणे. दिवसभर दलालांबरोबर गाळ्यागाळ्यातून फिरायचे, भाव ठरवायचे, गाठी बांधून घ्यायच्या, बिलटी हाती घ्यायची आणि मुक्कामाला भुलेश्वर किंवा सी. पी. टँक परिसरातील धर्मशाळेत यायचे. तेथून गिरगाव चालत जाण्याच्या अंतरावर. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकलेले असे आणि संध्याकाळ मोकळी. गणेशोत्सवाच्या सुमारास खरेदी पडली, तर ही मंडळी हमखास चाळींच्या चौकांतील कार्यक्रमांना जाऊन बसत. माझे वडील आणि त्यांचे समवयस्क व्यापारी यांच्या बोलण्यात पुढे कितीतरी वर्षे गिरगावचे नाव निघाले की कापडाचा भाव बाजूला पडे आणि ऑर्केस्ट्राची गोष्ट निघे.

‘नागिन’ची बीन

कल्याणजीभाईंचे नाव सर्वप्रथम गाजले ते एका वाद्यामुळे. फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन या तंत्रज्ञाने १९४७ साली ‘क्लेव्हायोलिन’ नावाचे विजेवर चालणारे सूरवाद्य तयार केले. पेटीसारख्या पट्ट्या, आत व्हॉल्व्ह, वेगळा ध्वनिक्षेपक आणि आवाज कमी-जास्त करण्यासाठी गुडघ्याने ढकलायची दांडी, अशी त्याची रचना. एका वेळी एकच सूर निघे. पियानोच्या दृष्टीने ही उणीवच, पण बासरी, सनई किंवा बीन यांचा भास निर्माण करण्यासाठी हेच वैशिष्ट्य उपयोगी पडले. हे वाद्य भारतात हाताळणाऱ्या पहिल्या वादकांत कल्याणजीभाई होते. पुढे १९६७ मध्ये इंग्लंडच्या बीटल्सनीही आपल्या एका गीतात हेच वाद्य वापरले, यावरून त्यांच्या दूरदृष्टीची कल्पना यावी.

१९५४ साली प्रदर्शित झालेल्या ‘नागिन’ या चित्रपटाचे संगीत हेमंतकुमार यांचे. त्यातील गारुड्याच्या पुंगीचे सूर कल्याणजीभाईंच्या क्लेव्हायोलिनमधून आणि रवी यांच्या हार्मोनियममधून साकारले. रवी त्या वेळी हेमंतकुमार यांचे साहाय्यक होते. पुढे ते स्वतंत्र संगीतकार म्हणून नावारूपास आले. देशभर लोकांनी हे सूर खरी बीन समजून ऐकले. टोपली नाही, साप नाही, कोणत्याही जीवाला यातना नाहीत, आणि तरीही श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर फणा डोलतो, अशी ती किमया होती. चित्रपटगृहात ही धून सुरू झाली की खरे साप निघतात, अशा वदंता त्या काळी गावोगाव पसरल्या होत्या.

या सुरांचा पुढचा प्रवासही रंजक आहे. गिरगावच्या एका तरुणाने विजेच्या वाद्यावर वाजविलेली धून गावोगावच्या बँडवाल्यांनी क्लॅरिनेटवर बसविली. आमच्या लहानपणी लग्नाची वरात कापड बाजारातून निघाली की चौकात बँड थांबे, मास्तर क्लॅरिनेट वर उचले आणि ‘नागिन’ सुरू करी. मग एरवी गल्ल्यावर गंभीर चेहऱ्याने बसणारे काका-मामा तोंडात रुमालाचे टोक धरून जमिनीवर गुडघे टेकत. बँडचा मास्तर लिहिणे-वाचणे फारसे शिकलेला नसला, तरी ती धून त्याच्या बोटांत पक्की होती. आज सत्तर वर्षांनंतरही हे ‘नागिन नृत्य’ वरातीत टिकून आहे, पण त्याचा उगम एका कच्छी जैन तरुणाच्या बोटांत आहे, हे नाचणाऱ्यांना क्वचितच माहीत असते.

‘अँड पार्टी’

चित्रपटांतील वादनाबरोबरच कल्याणजीभाईंनी धाकटे बंधू आनंदजी यांना साथीस घेऊन ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ हा वाद्यवृंद उभा केला. मुंबईत आणि मुंबईबाहेर त्याचे कार्यक्रम होऊ लागले. चित्रपटसंगीताचा तिकीट लावून मंचावर कार्यक्रम करण्याच्या आपल्या देशातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

नावाकडेही लक्ष द्यावे. मुलाचे नाव, पाठोपाठ वडिलांचे नाव आणि शेवटी ‘अँड पार्टी’. आपल्या पेढ्यांच्या पाट्या अशाच असतात. वाद्यवृंदाला एखादे झगमगीत इंग्रजी नाव देणे सोपे होते, पण या बंधूंनी किराणा दुकान चालविणाऱ्या पित्याचे नाव मंचावर नेले. ज्या काळात गाणे-बजावणे कमी लेखले जाई, त्या काळात वडिलांचे नाव पाटीवर लावणे म्हणजे ‘आम्ही लपूनछपून काही करीत नाही’ असे बाजाराला सांगणेच होते. आणि वडिलांनी ते लावू दिले, यात त्यांचा मोठेपणा आहे.

त्या काळच्या वाद्यवृंदाची मांडणीही आजच्या वाचकांसाठी सांगितली पाहिजे. मंचाच्या एका बाजूला तबला, ढोलक, ढोलकी आणि बाजूस बोंगो-काँगो. मध्ये अ‍ॅकॉर्डियन व हार्मोनियम. मागे व्हायोलिन, मेंडोलिन, गिटार. दुसऱ्या बाजूला क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट. गायकांसाठी एक-दोन ध्वनिक्षेपक, तेही मधूनच शिट्टी मारणारे. चित्रपटातील गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या वेळी साठ-सत्तर वादक असले, तरी मंचावर दहा-पंधरा माणसांनी तोच भास निर्माण करायचा असे. त्यासाठी कोणते सूर ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हे ठरविणारी व्यक्ती कसलेली असावी लागे. यातील अनेक वादक गोव्याचे ख्रिस्ती बांधव होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणापासून स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण मिळे. गुजराती मालक, मराठी तबलजी, गोमंतकीय व्हायोलिनवादक, उत्तरेकडील ढोलकवाला असे अनेक प्रांतांचे आणि धर्मांचे लोक एका मंचावर एका तालात वाजवीत. ही एकात्मता मंचावर डोळ्यांना दिसे, त्यासाठी वेगळे भाषण करावे लागत नसे.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींत गाण्यांच्या नावांपेक्षा माणसेच अधिक होती. एकाला अ‍ॅकॉर्डियनवाल्याची भाता ओढण्याची लकब आठवे. दुसरे एक काका सांगत की क्लेव्हायोलिन वाजू लागले की पुढच्या रांगेतील लोक उठून त्या पेटीमागे कोणी पुंगीवाला बसला आहे का, ते पाहत. तिसरे एक व्यापारी स्वभावाने अत्यंत काटकसरी. मुंबईत ट्रामचे भाडे वाचविण्यासाठी पायी चालत, पण ऑर्केस्ट्राचे तिकीट काढताना त्यांचा हात आखडत नसे. घरी परतल्यावर खर्चाच्या वहीत ही रक्कम ‘किरकोळ’ या सदराखाली पडे. ती वही पुढे मुलाने चाळली, तेव्हा मुंबईच्या प्रत्येक फेरीला एक ‘किरकोळ’ निघाले.

मंचावरून चित्रपटाकडे

१९५८ मध्ये ‘सम्राट चंद्रगुप्त’ या चित्रपटाद्वारे कल्याणजी वीरजी शहा हे नाव संगीतकार म्हणून पडद्यावर आले. ज्या चंद्रगुप्त मौर्याचे नाव आपली परंपरा आचार्य भद्रबाहूंशी आणि श्रवणबेळगोळशी जोडते, त्याच्याच नावाच्या चित्रपटाने एका जैन संगीतकाराचा आरंभ व्हावा, हा सुखद योगायोग म्हणावा लागेल. १९५९ मध्ये ‘सट्टा बाजार’ व ‘मदारी’ या चित्रपटांपासून आनंदजींचे नाव जोडीला आले आणि ‘कल्याणजी-आनंदजी’ ही जोडी रूढ झाली. पुढे ‘छलिया’ (१९६०), ‘जब जब फूल खिले’ (१९६५), ‘हिमालय की गोद में’ (१९६५), ‘उपकार’ (१९६७), ‘डॉन’ (१९७८), ‘मुकद्दर का सिकंदर’ (१९७८) आणि ‘कुर्बानी’ (१९८०) असा हा प्रवास आहे. गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या गुजराती कादंबरीवर आधारित ‘सरस्वतीचंद्र’ (१९६८) साठी त्यांना संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तर ‘कोरा कागज’ (१९७४) साठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

येथे एक बाब आवर्जून नमूद करावीशी वाटते. लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा हे दोघे तरुण वादक, एक मेंडोलिन आणि दुसरा व्हायोलिन वाजविणारा, कल्याणजी-आनंदजींचे साहाय्यक होते. १९६३ च्या ‘पारसमणी’ने ते स्वतंत्र झाले आणि पाहता पाहता अग्रगण्य संगीतकार बनले. बाजाराच्या भाषेत बोलायचे तर, पेढीवर तयार झालेल्या माणसांनी समोरच दुकान काढले आणि ते जोरात चालले. अशा वेळी बहुतेक ठिकाणी कटुता येते. या दोन घरांतील स्नेह मात्र टिकून राहिल्याचे चित्रपटसृष्टीत सांगितले जाते. ज्याच्या हाताखाली माणसे मोठी होतात, त्याची पत कमी होत नाही, हे व्यापाऱ्यांनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मदतनिधीचे कार्यक्रम

चित्रपटांत एवढे यश मिळाल्यावर मंच सोडून देणे सहज शक्य होते. पण या बंधूंनी वाद्यवृंद शेवटपर्यंत चालू ठेवला. देशात आणि परदेशात त्यांनी धर्मादाय संस्थांच्या मदतीसाठी असंख्य कार्यक्रम केले. दिलीपकुमार, विनोद खन्ना, रेखा, अमिताभ बच्चन यांच्यासारखे कलावंत त्यांच्या मंचावर येऊन गेले. १९८० च्या दशकात अमिताभ बच्चन यांच्या परदेशातील मंचीय कार्यक्रमांना त्यांचीच साथ होती. हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यातील एक कामगार आपल्या नकलांमुळे या ताफ्यात सामील झाला आणि जॉनी लिव्हर म्हणून प्रसिद्धीस आला. मनहर उधास, साधना सरगम यांच्यासारख्या गायकांना या घराने पुढे आणले. उतारवयात कल्याणजीभाईंनी ‘लिटल वंडर्स’ हा बालकलाकारांचा संच तयार केला. त्यातूनच सुनिधी चौहान पुढे आली. २४ ऑगस्ट २००० रोजी कल्याणजीभाईंचे निधन झाले.

संस्थांच्या दृष्टीने या मदतनिधी कार्यक्रमांचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्यात धर्मादाय कामासाठी होणाऱ्या कार्यक्रमांना शुल्कमाफी देण्याची तरतूद होती. त्यामुळे रुग्णालय, वसतिगृह, पाठशाळा, पांजरपोळ यांच्यासाठी निधी उभारताना संस्था वाद्यवृंदाची रात्र आयोजित करीत. पहिल्या रांगांच्या देणगी प्रवेशिका मोठ्या रकमेच्या. त्या समाजातील धनिकांनी घ्यायच्या. मागील तिकिटे सामान्यांना परवडतील अशी. आणि खरी मिळकत होई ती त्या निमित्ताने काढलेल्या स्मरणिकेच्या जाहिरातींतून : मुखपृष्ठामागील पान, पूर्ण पान, अर्धे पान, पाव पान, आणि ज्यांना तेवढेही शक्य नसे त्यांच्यासाठी ‘शुभेच्छुक’ म्हणून एक ओळ. कार्यकर्ते महिनाभर दुकानोदुकानी पावतीपुस्तक घेऊन फिरत. सभागृहाचे भाडे, मंडप, ध्वनिक्षेपक आणि कलावंतांचे मानधन वजा जाता जी शिल्लक राही, तिच्यातून वसतिगृहाच्या खोल्या उभ्या राहत. आज आपल्या हाती असलेली ही स्मरणिका, तिच्यातील जाहिरातींसह, याच परंपरेतील आहे. ज्यांनी या पुस्तिकेसाठी जाहिराती गोळा केल्या, त्यांना हे काम किती चिकाटीचे आहे, हे सांगण्याची गरज नाही.

तिसरा भाऊ : बाबला

या घराची वाद्यवृंदाची परंपरा पुढे नेली ती धाकटे बंधू लक्ष्मीचंद यांनी. ‘बाबला’ या नावाने ते सर्वांना परिचित आहेत. तालवाद्यांवर त्यांचे विशेष प्रभुत्व. ‘बाबला अँड हिज ऑर्केस्ट्रा’ या संचाने गुजराती गरबा व दांडियाच्या पारंपरिक चाली ड्रम्स, गिटार आणि सिंथेसायझरच्या साथीने बसविल्या आणि ‘डिस्को दांडिया’ हा प्रकार घरोघरी पोहोचला. १९८० च्या दशकात आमच्या नगरमध्येही नवरात्रात बाबलांच्या ध्वनिफिती वाजत. जुन्या मंडळींनी नाके मुरडली, पण मुलामुलींच्या टिपऱ्या थांबल्या नाहीत.

बाबला आणि त्यांच्या पत्नी गायिका कांचन यांनी हा वाद्यवृंद सातासमुद्रापलीकडे नेला. त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम या देशांत एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांचे वंशज राहतात. तेथे विकसित झालेल्या ‘चटणी’ या संगीतप्रकाराला या दांपत्याने भारतीय वाद्यवृंदाची जोड दिली आणि तेथील श्रोत्यांनी त्यांना आपलेसे केले. गिरगावातून निघालेले सूर कॅरिबियन बेटांवरील माणसांना पूर्वजांच्या भूमीची आठवण करून देऊ लागले. कांचन यांचे २००४ मध्ये निधन झाले.

वाद्यवृंद का मावळला?

१९८० च्या दशकात ध्वनिफिती स्वस्त झाल्या आणि गाणे ऐकण्यासाठी कार्यक्रमाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. त्यानंतर सिंथेसायझर आला. एका वादकाच्या दहा बोटांत व्हायोलिनचा ताफा, बासरी आणि सनई सामावू लागली. ज्या विजेच्या वाद्याने कल्याणजीभाईंना नाव दिले, त्याच्याच वंशजाने पुढे इतर वादकांची जागा घेतली, हा काळाचा महिमा म्हणावा लागेल. मग तयार ‘ट्रॅक’ आले. वादकच नको, केवळ गायक आणि एक छोटे यंत्र पुरेसे झाले. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू झाले आणि उघड्यावरील कार्यक्रमांना रात्री दहाची मर्यादा आली. धोबी तलावाजवळील रंगभवनसारखे खुले नाट्यगृह शांतता क्षेत्रात येत असल्याने मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांना बंद झाले. हे नियम योग्यच आहेत. रुग्ण, विद्यार्थी आणि वृद्ध यांना त्रास देऊन होणारा आनंद आपल्या तत्त्वांतही बसत नाही. पण पहाटेपर्यंत रंगणाऱ्या ऑर्केस्ट्राचे दिवस त्याबरोबर संपले, हेही खरे.

यात सर्वांत मोठे नुकसान झाले ते वादकांचे. अ‍ॅकॉर्डियन वाजविणारे, मेंडोलिन छेडणारे, क्लॅरिनेट फुंकणारे हात हळूहळू रिकामे झाले. आमच्या गावातील बँडच्या मास्तरांची पुढची पिढी अन्य व्यवसायांत गेली. वाद्य शिकायला दहा वर्षे लागतात, आणि शिकल्यावर कोणी बोलावणार नसेल तर ती दहा वर्षे कोण घालविणार? ग्राहक नसेल तर माल तयार होत नाही, हा बाजाराचा नियम कलेलाही लागू पडतो.

आपले कर्तव्य

गेल्या पन्नास वर्षांत आपल्या संस्थेने पाठशाळा, वैद्यकीय मदत, शिष्यवृत्ती अशा अनेक क्षेत्रांत काम केले. सुवर्णमहोत्सवी वर्षात विविध सांस्कृतिक कार्यक्रमही योजिले आहेत. या निमित्ताने विश्वस्त मंडळाला आणि समाजबांधवांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. आपल्या कार्यक्रमांत तयार ट्रॅक लावण्याचा मोह टाळून किमान चार-सहा जिवंत वादकांना मंचावर बसवावे. स्तवनाला हार्मोनियम, तबला, बासरी आणि व्हायोलिन यांची साथ पुरेशी आहे. खर्च थोडा वाढेल. पण जो खर्च माणसाच्या कलेला जगवितो, तो आमच्या त्या काटकसरी काकांनीही ‘किरकोळ’ म्हणून आनंदाने मान्य केला होता.

दुसरी विनंती पालकांना. आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी गिटार, तबला, की-बोर्ड शिकू इच्छित असेल, तर ‘यात काय भविष्य आहे’ असे विचारण्यापूर्वी वीरजीभाईंचे स्मरण करावे. मुलाने पेढी चालवावी, ही इच्छा गैर नाही. मीही पेढीच चालविली आणि त्याबद्दल मला समाधान आहे. परंतु प्रत्येक घरातील एका मुलाच्या बोटांत सूर असतील, तर ते गल्ल्यात बंद करून ठेवू नयेत. शिस्त, सचोटी, वेळेवर शब्द पाळणे आणि सहकाऱ्याला त्याचा वाटा देणे हे व्यापाऱ्याचे गुण वाद्यवृंद चालवितानाही तितकेच उपयोगी पडतात, हे या तीन बंधूंनी सिद्ध केले आहे.

ज्या व्यापाऱ्यांनी गिरगावच्या चौकात बसून हे सूर ऐकले, त्यांच्यापैकी आज जवळजवळ कोणीही आपल्यात नाही. त्यांच्या दुकानांच्या पाट्या बदलल्या, काही दुकानांच्या जागी मोठी संकुले उभी राहिली. त्यांच्या आठवणी मात्र येथे नोंदविल्या गेल्या, एवढे समाधान या लेखामुळे लाभले.